बंद सलूनमधली खुर्ची

मी सलूनमधली खुर्ची बोलतेय. दचकू नका. माझ्या पाठीला डोकं टेकून तुम्ही डोळे मिटता आणि घरातली भांडणं, साहेबाची गाऱ्हाणी, सगळं ओकून मोकळे होता. तेव्हा ऐकत कोण असतं असं वाटतं तुम्हाला?

चाळीस वर्षं मी एकाच गल्लीत, एका घराच्या तळमजल्यावर, एकाच मालकाकडे काढली. रोजच्या दाढीची माणसं ठरलेल्या वेळी येत. त्यांच्या आधीच मालक पायाने दांडा दाबून मला ज्याच्या-त्याच्या उंचीला आणून ठेवायचा. पुढे एकेक करून ती माणसं देवाघरी गेली, पण मालकाचा पाय थांबला नाही. आठच्या ठोक्याला तो मला उंच मास्तरांसाठी खाली करायचा. मास्तरांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. मालकाला वाटे, जुनी सवय. मला मात्र वजन कळतं. मास्तर बसत होते.

मग नव्या आराखड्यात आमची गल्ली 'फक्त राहण्यासाठी' ठरली. जुन्या दुकानांना सूट होती, पण दुकान सलग चालू हवं. सहा महिने बंद पडलं की हक्क संपला. नेमका त्याच वर्षी मालकाचा उजवा हात लुळा पडला. त्याची लेक कामात तरबेज, पण ती दवाखान्यात बापाच्या उशाशी बसून. दुकानाला सात महिने कुलूप आणि किल्ली तिच्या पर्समध्ये.

त्या सात महिन्यांत एकही सकाळ चुकली नाही. आठ वाजले की अंधारात माझा दांडा आपोआप दबायचा. वजन यायचं. कात्री वाजू लागायची. बसणारे सगळे ओळखीचे होते. मागे उभं राहून कात्री कोण चालवत होतं, ते मला आजही ठाऊक नाही. मला फार भीती वाटायची.

लेकीने कुलूप काढलं त्याच आठवड्यात अधिकारी पाहणीला आले. तक्रार होती वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कची. गल्लीभर त्यांना अर्जकाका म्हणतात. तेही खाली येऊन उभे होते. साहेबांनी त्यांचा अर्ज मोठ्याने वाचला, "गेलं वर्षभर, एकही खाडा न करता, रोज सकाळी कात्रीचा आवाज येतो, खुर्ची करकरते आणि नऊ वाजता कुणीतरी खोकतं."

लेकीने पर्समधली किल्ली चाचपली.

"काका, म्हणजे दुकान बंद नव्हतंच की!" साहेब म्हणाले.

"छे, बंद कुठलं! रोज ऐकलंय मी. या कानांनी."

काकांनी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. साहेब लेकीकडे वळले. "वडील आजारी, तुम्ही दवाखान्यात. मग इथे होतं कोण?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रिकामी मी हळूहळू खाली चालले होते.

"बाबांची जुनी माणसं होती," ती म्हणाली. साहेबांनी 'सलग चालू' असं लिहिलं आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नऊला काका खाली आले. दारातच घुटमळले.

"दुकानाशी माझं वैर नाही गं पोरी. तो खोकला आमच्या अण्णांचा, माझ्या वडिलांचा आहे. रोज नऊला इथेच दाढीला बसायचे ते. शेवटी शेवटी मी त्यावरून किती ओरडायचो त्यांच्यावर! त्यांच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घ्यायचो. आता कितीही दारं लावली तरी ऐकू येतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आत्ता आहेत का?"

"बसा काका," ती एवढंच म्हणाली.

ते बसले. आधीच भरलेल्या जागेवर बसले आणि माझं लोखंड करकरलं. लेकीने दोघांच्या गळ्याभोवती एकच कापड बांधलं. काकांच्या कानामागे कुणीतरी खोकलं. काका उठले नाहीत.

"पाणी आणू का, अण्णा?" त्यांनी विचारलं.

माझी गादी फाटलीय, दांडा गंजलाय. तरी कुणी मला इथून हलवू नका, एवढंच मागणं. निरोप घ्यायला मान लववली असती, पण आत्ता हलता येत नाही. दोघंही रडताहेत.