झाकणावरचा जादा 'के'

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. साधीसुधी नव्हे, जादूगाराची! माझा जन्म मंडीदीपच्या एका लहान कारखान्यात झाला. पत्रा कापताना, ठोकताना फार दुखले. पण आत लाल मखमल लागली, तळाशी चोरकप्पा बसला, तेव्हा कळले की आपण गहू-तांदूळ भरण्यासाठी जन्मलेलो नाही.

माझी मालकीण शकुंतलाताई खानझोडे. भोपाळच्या सरकारी कचेरीत त्या टंकलेखिका होत्या. सुट्टीच्या दिवशी मात्र काळा कोट चढवून जादूचे प्रयोग करत. माझ्या झाकणावर इंग्रजीत 'मॅजिक' लिहायला त्यांनी रंगारी बोलावला. त्याने सोनेरी रंगात सुरेख अक्षरे काढली आणि शेवटी एक 'के' जादा जोडला.

"भैया, ये 'के' किसलिए?" ताईंनी विचारले.

"जगह खाली दिख रही थी, दीदी," तो शांतपणे म्हणाला.

ताईंनी वाचनालयातला जाडजूड शब्दकोश उघडला, तर तो शब्द तिथे होता! परदेशातले गूढविद्येचे उपासक 'के' लावून लिहितात. आमची विद्या खरी, रंगमंचावरची हातचलाखी वेगळी, हे दाखवण्यासाठी. ताई खळखळून हसल्या. "आपण तर हातचलाखीवालेच! राहू दे तो 'के', छान दिसतोय."

पुढची वीस वर्षे माझी होती. शाळांची स्नेहसंमेलने, मंडळाचा गणेशोत्सव! झाकण उघडले की पोरे श्वास रोखून धरत. मग ताई निवृत्त झाल्या, गुडघे दुखू लागले. साकेत नगरच्या घरात मला गॅलरी मिळाली. पोटात जुन्या गोधड्या, डोक्यावर कोरफडीची कुंडी. बिजागऱ्या गंजल्या. कुणी विचारीना.

गेल्या वर्षी एके सकाळी शेजारची प्रमिला आली. तिच्या अकरा वर्षांच्या सोनलला फिट्स येत. औषधांनी बरीच सुधारणा होती. तरी प्रमिलाच्या हातात एका बाबाचे पत्रक होते, आणि त्यावर तोच शब्द, तसाच 'के' लावून.

"तीन आठवडे झाले ताई, गोळ्या बंद केल्यात. बाबा म्हणतात, गोळी आणि विद्या एकत्र चालत नाही."

"अगं, काल शाळेत पडली ना ती?"

"ती पीडा बाहेर पडतेय म्हणे. उरलेली रविवारच्या सभेत बाबा लिंबू कापून काढणार आहेत." प्रमिलाने गॅलरीकडे बोट दाखवले. "तुमच्या पेटीवरही हेच लिहिलंय की! पत्रकावर पाहिलं आणि म्हटलं, ताईंकडे आहे म्हणजे खरंच असणार."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझे सोनेरी अक्षर चटका लागावा तसे जाळू लागले. एका लेकराची गोळी बंद व्हायला मीही कारण झाले होते!

ताईंनी प्रमिलाला खूप समजावले. ती ऐकेना. "रविवारी मीही येते तुझ्याबरोबर," ताई शेवटी म्हणाल्या. ती गेल्यावर त्यांनी कुंडी उतरवली, गोधड्या काढल्या आणि माझ्या बिजागऱ्यांना तेल घातले.

बाबाची सभा एम. पी. नगरमधल्या भाड्याच्या हॉलमध्ये होती. त्याने सोनलवरून लिंबू ओवाळून कापले. लालभडक रस टपकला. लोकांनी हात जोडले. "देखो, पीडा निकली!" बाबा गरजला. "किसी को शक हो तो सामने आए!"

"मुझे है," ताई म्हणाल्या, आणि आम्हाला घेऊन आलेल्या रिक्षावाल्याच्या मदतीने मला मंचावर चढवले. माझ्या पोटातून त्यांनी लिंबू काढले, सुरी काढली, कापले. तसाच लाल रस! दुसरे कापले, तिसरे कापले. सगळी रक्तबंबाळ! मग त्यांनी चोरकप्प्यातून जास्वंदीची फुले काढून दाखवली. "छुरी पर ये फूल मलकर सुखा लो. नींबू की खटास से रंग लाल हो जाता है. बस्स."

"ये हाथ की सफाई है!" बाबा ओरडला. "मेरी विद्या असली है, 'के' वाली!"

ताईंनी माझे झाकण लोकांकडे वळवले. "'के' तो मेरे पास भी है, महाराज. पेंटर ने खाली जगह भरने को लगाया था."

हॉल हसून हसून दणाणला. मागून कुणीतरी म्हणाले, "बाबाजी, अपनी छुरी भी दिखाइए." बाबाने सुरी झोळीत लपवली. लोकांनी ती बाहेर काढायला लावली. पात्याच्या कोरड्या भागावर जास्वंदीचा जांभळट थर वाळलेला होता.

सोनल उठून आईजवळ गेली. "आई, मला दवाखान्यात घेऊन चल."

प्रमिला रडत म्हणाली, "चल. आत्ताच."

त्याच रिक्षेत आम्ही चौघी निघालो. मी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर रिक्षेतच थांबले. डॉक्टर प्रमिलाला खूप रागावले म्हणे, पण औषध पुन्हा सुरू झाले. परतीच्या वाटेत रिक्षावाल्याने ताईंना विचारले, "माताजी, वो नींबू वाला मुझे भी सिखा दोगी?"

मित्रांनो, आज मी पुन्हा दिवाणखान्यात आहे. सोनलला आठ महिन्यांत एकही फिट आलेली नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिने माझ्या बळावर दहा मिनिटे जादू केली. शेवटच्या बाकापर्यंत मुले उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी इतकी चमकले, की गंजाचे डागही नक्षीसारखे दिसले असतील!

माझी एवढीच विनवणी आहे. घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू पडून असेल, तर तिला पुसा, तेल द्या. तिच्यात अजून बळ असते. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर टाळ्या जरूर वाजवा, पण लगेच विचारा, "कसं केलं हो?" विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या हाती आपले माणूस कधीही देऊ नका.