उद्धवच्या वाटचं ताट

उद्धव जर्मनीला शिकायला निघाला तेव्हा डोणगावात त्याचं कोण कौतुक! नवं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि परदेशी शिकायला जाणारा गावातला तो पहिलाच. सत्कार झाले, हारतुरे झाले, त्याचे वडील भगवानराव गुरुजी तर आठवडाभर जमिनीवर नव्हते. आईला, मनकर्णाबाईंना, मात्र एकच घोर लागला होता. हा पोरगा तिथे जेवेल काय? त्या मुलखात शाकाहारी माणसाला उकडलेल्या बटाट्यापलीकडे काही मिळत नाही, असं कुणीतरी सांगून गेलं होतं. चांगलं सांगायला मेलं कुणी येत नाही.

तेव्हापासून दुपारी आधी उद्धवचं ताट वाढायचं आणि मगच घरातल्यांनी जेवायचं, असा त्यांनी नेम धरला. ताटातलं मागाहून गाईला जायचं. गाय व्यायला आली म्हणून शेतावरच्या गोठ्यात नेली, तेव्हा त्यांनी ताट परसातल्या भिंतीवर ठेवलं. लगेच एक कावळा येऊन बसला आणि काव काव करून त्याने घर डोक्यावर घेतलं. कावळा ओरडला की पाहुणा येतो, हे काय कुणी शिकवायला हवं? आपला उद्धवच येणार, या आनंदात बाईंनी कावळ्याला हाकललं नाही. मग तो रोजच येऊ लागला. ताट ठेवलं न ठेवलं तोच चोच मारायचा. कावळ्याकडे दुसरंही एक काम असतं, ते त्यांना आठवलंच नाही. आईचं मन सोयीचं तेवढंच आठवतं.

हिवाळ्यात लक्ष्मीकांत आला. मेहकरच्या वकिलांचा हा मुलगा उद्धवच्याच वसतिगृहात, शेजारच्या खोलीत राहायचा. बहिणीच्या लग्नाला घरी आला होता, तो मुद्दाम वाट वाकडी करून डोणगावला उतरला. चहा झाला. खोली केवढी, खाट कशी, खिडकीतून दिसतं काय, गुरुजींनी सगळं खोदखोदून विचारलं.

“खोली झकास आहे, गुरुजी,” लक्ष्मीकांत म्हणाला. “टेबल, खुर्ची, लोखंडी खाट. नळाले गरम पाणी. सैपाकघर मात्र साऱ्या पोरायचं एकच.”

“अन् जेवते काय तो?” मनकर्णाबाईंनी दाराआडून विचारलं.

लक्ष्मीकांतने कप खाली ठेवला. “तेच सांगाले आलो, काकू. पयले पयले भुकेनं रडकुंडीले यायचा. मंग आमी दोघं खिचडी शिजवू लागलो. चांगला रुळला होता. आता तो जेवतच नाही. खाटेवर बसून राह्यते न ढेकर देते. मी म्हटलं, काय खाल्लं बे? तर म्हणे, मेथीची भाजी न भाकर. मायनं वाढलं.”

गुरुजी हसले. “घरची आठवण. दुसरं काय?”

“मीबी हसलो, गुरुजी. पण त्याच्या तोंडाले मेथीचा वास येऊन राह्यला होता.”

मनकर्णाबाईंनी भिंतीवरच्या ताटात कितीदा तरी मेथी वाढली होती. लक्ष्मीकांत खाली बघत पुढे म्हणाला, “पोट भरते म्हणते, पण पार सुकून चालला. पोरं त्याच्याशी बोलता बोलता उठून जातात, जसा तो तिथं नाहीच. मागं वसतिगृहाच्या बाईनं एका नव्या पोराले उद्धवची खोली दाखवली. रिकामी आहे म्हणे. अन् हा खाटेवरच बसला होता! मी म्हटलं, काऊन गप बसला बे? तर म्हणे, राहू दे. मले आता काईच नको वाटत.”

काहीच नको. मनकर्णाबाईंना सासऱ्यांचा दहावा आठवला. पैनगंगेच्या काठी पिंड मांडला होता, आणि कावळा काही केल्या शिवेना. सगळे हात जोडून उभे. म्हाताऱ्याची इच्छा राहिली असेल, विचारा, वचन द्या. गुरुजींनी धाकट्या बहिणीचं लग्न लावून द्यायचा शब्द दिला, तेव्हा कुठे कावळा खाली उतरला. ज्याला काहीच नको असतं, त्याच्याच घासाला तो शिवतो. आणि आपण जित्या पोराचा घास आपल्या हाताने भिंतीवर मांडत आलो!

रात्री त्यांनी नवऱ्याला सांगितलं. गुरुजी खूप रागावले, शिकल्यासवरल्या घरात हे काय, म्हणाले, पण त्यांनाही नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळेत गेल्यावर बाईंनी भाकरी केल्या. उद्धवचं ताट वाढलं नाही. परसाचं दार लावून घेतलं, कडी घातली. वेळ झाली तसा कावळा आला. ओरडला, पुन्हा ओरडला, आणि मध्येच गप्प झाला.

“माय,” दारापलीकडून कुणी म्हणालं.

आवाज उद्धवचा होता. बाई ताडकन उठल्या.

“वाढ ना वं माय. भूक लागली.”

त्यांचा हात कडीपर्यंत गेला. पोराची हाक ऐकून कोणत्या आईचा जाणार नाही? मग भूक हा शब्द त्यांच्या डोक्यात शिरला. इतक्या दिवसांत त्याला भूक लागली नव्हती. आज लागली. त्यांनी हात मागे घेतला आणि दाराला पाठ लावून त्या खालीच बसल्या.

“नाही वाढत. तिथंच खाय. उठ, आपल्या हातानं शिजव.”

“तिथं मले कोणी पाह्यतबी नाही वं. दार उघड.”

त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाहेर तो रडायला लागला, लहानपणी ताप आला की रडायचा तसा. दारावर खालच्या बाजूला काहीतरी खरवडत होतं, नख की चोच, कळत नव्हतं. ते हळूहळू थांबलं. आवाजही बारीक होत गेला.

दाराशी आलेल्या कुणालाही मनकर्णाबाईंनी आजवर उपाशी परत पाठवलं नव्हतं. त्यांनी वळून दाराच्या फटीला तोंड लावलं.

“उपाशी राह्य, माह्या राजा,” त्या म्हणाल्या, “पण जिता राह्य.”