भाकर माजी करपंल

आमच्या घराण्यातला गळा बापूंबरोबर गेला, राग तेवढा वारशाने माझ्याकडे आला. त्यामुळे हरिओमचं नाक मी फोडलं हे सांगायला मला लाज वाटत नाही. निदान त्या शुक्रवारी तरी वाटली नव्हती.

बापू म्हणजे माझे आजोबा, बोरीचे बन्सीधरबापू. निजामाच्या राज्यात एक नाटक कंपनी रेल्वेच्या कडेकडेने फिरायची. पूर्णा, परभणी, सेलू, जालना. तिची पदं बापू लिहायचे. नाटकातली रडकी पदं त्यांचीच आणि शेवटच्या फार्सातली हसवणारीही त्यांचीच. हसवणारी तर ते स्वतः लुगडं नेसून म्हणायचे. हैदराबादला जाऊन त्यांनी सहा तबकड्या भरल्या. पाच कुठे गेल्या देव जाणे. सहावीतलं पद मात्र आमच्याकडे लेकरालाही पाठ आहे.

थांबा थांबा कारभारी, भाकर माजी करपंल,
मारायचं तं मंग मारा, पोर उपाशी झोपंल.

नवरा मारतोय आणि बायकोला काळजी भाकरीची! हळदीला हे लागलं की म्हाताऱ्यासुद्धा तोंडाला पदर लावून हसतात. माझा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे. हे पद वाजवल्याशिवाय मी एक लग्न सोडलेलं नाही, अर्थात बँडवाल्यांनी नव्याने बसवलेलं. बापूंचा स्वतःचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

बोरीत शाळेमागे नवा रंगमंच बांधून झाला. त्याला बापूंचं नाव द्यावं म्हणून मी पंचायतीत अर्ज दिला. लगेच जिंतूरच्या हरिओमचा दुसरा अर्ज आला. त्याचे आजोबा मूळचे बोरीचेच, कंपनीचे मालक. तबकडीवर पदाचा कवी म्हणून त्यांचं नाव छापलेलं आहे, तेव्हा रंगमंचालाही त्यांचंच नाव हवं, असं त्याचं म्हणणं. तबकडी होती त्याच्याकडे, चावीच्या जुन्या ग्रामोफोनसकट; भोंगाच म्हणतो आम्ही त्याला.

सरपंच राजेश्रीताई म्हणाल्या, "महारुद्र, हरिओम, रविवारी ग्रामसभेत दोघं बी या. ज्याचा पुरावा खरा, त्याच्या आज्याचं नाव."

शुक्रवारी मी जिंतूरला गेलो तो हात जोडायलाच. म्हटलं, एकदा ऐकू तरी दे. हरिओम ओट्यावर बसून शेंगा फोडत होता.

"तुजा आज्या लुगडं नेसून नाचायचा," तो म्हणाला. "नाच्याला कवा लिवता येतंय का?"

पुढचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. त्याचं नाक तुरीच्या वाळल्या तुऱ्हाटीसारखं कडकन वाजलं. त्याने माझ्या अंगठ्याचा चावा घेतला आणि भोंग्याची लोखंडी चावी माझ्या भुवईवर हाणली. मी त्याला खाली पाडून छातीवर बसलो आणि दोन दात शेंगांच्या फोलपटात पडेपर्यंत मारत राहिलो. त्याची बायको ओरडत बाहेर आली तेव्हा तबकडी, भोंगा आणि ती चावी उचलून मी निघालो.

"सभेत ये," तो रक्त थुंकत म्हणाला. "छापलेलं नाव खोडून दाव मला."

डोळा रक्ताने चिकटला होता, तरी पिकअप चालवताना मी मोठमोठ्याने गात होतो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

पण हरिओमचं एक खरं होतं. तबकडी हातात आली, तरी तिच्यावरचं नाव त्याच्याच आजोबांचं होतं. छापील नाव खोटं पाडायला जिवंत माणूस हवं. असं माणूस एकच उरलं होतं, चुडाव्याला दिलेली माझी नर्मदाआत्या, बापूंची थोरली लेक. वय एकोणनव्वद, पण डोकं शाबूत.

शनिवारी सकाळीच मी चुडाव्याला पोचलो. आत्या अंगणात लसूण सोलत होती. मी काही न सांगता भोंगा मांडला, चावी दिली, सुई ठेवली. जरा खरखर झाली आणि बापू गायला लागले. बारीक, लाडिक, अगदी बाईचा आवाज. मी मांडीवर थाप मारून हसलो.

आत्याचे हात थांबले होते. "बंद कर," ती म्हणाली.

"आगं, तुज्या बापाचा आवाज हाय."

"वळखते मी. बंद कर म्हणते ना!"

मी सुई उचलली आणि तिला अडचण सांगितली. "उद्या तू येवढंच सांग, पद बापूनं लिवलं."

"त्यानंच लिवलं की. मी तितंच व्हते, सात वर्साची." तिने लसणाची परडी बाजूला सारली. "फार्साला नवं पद पायजे व्हतं आन त्याला सुचंना. तीन दिस निसते कागद फाडीत व्हता. चौथ्या दिशी आई भाकरी करायली व्हती. कशावरून चिडला कुणाला ठाव. तिला केसाला धरून चुलीपसून वढली. ताल धरायची छडी व्हती त्याची, त्या छडीनं मारायला लागला. आई म्हणली, थांबा, भाकर करपंल, येवढी उतरू द्या, पोर उपाशी हाय, मारायचं तं मंग मारा. तर तो थांबलाच. मला वाटलं, दया आली. त्यानं कागद घेतला आन ते लिवून काढलं."

मी भोंग्यावरची तबकडी काढून हातात घेतली.

"मंग परत मारायला लागला. आई बोलली की थांबायचा, लिवायचा, परत मारायचा. चार कडवे हायती ना त्या पदात? तिसऱ्याला आईच्या कानातून रगत आलं, ती बोलायचीच बंद झाली. तर म्हणतो कसा, बोल की गं, एक कडवं कमी पडायलंय."

माझी आजी, लक्ष्मीबाई, डाव्या कानाने ठार बहिरी होती. नदीत कानात पाणी गेलं, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त धास्ती वाटली ती रविवारची.

"आत्या, झालं गेलं गंगेला मिळालं," मी म्हणालो. "सभेत हे काढू नको. निसतं नाव सांग."

"इचारतील ते सांगंल," ती म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. दुसरा साक्षीदार असता, तर मी तिला चुडाव्यालाच ठेवलं असतं.

रविवारी अकरा वाजता शाळेमागचं मैदान भरलं. हरिओम नाकावर पट्टी लावून तीन मेव्हण्यांसह पुढे बसला होता. मी भोंग्यासमोर माइक ठेवला आणि माझ्या चारही मोठ्या स्पीकरवर बापूंना सोडलं. पहिल्याच ओळीला मैदान हसून लोळायला लागलं. दुसऱ्या कडव्यापासून लोक टाळ्यांचा ठेका धरून सोबत गाऊ लागले. माझी छाती फुगली होती आणि नजर आत्याकडे जाऊ नये म्हणून मी भोंग्याकडे पाहत होतो.

पद संपल्यावर हरिओम उठला. "तबकडीवरलं नाव वाचा!" तो ओरडला. राजेश्रीताईंनी ते वाचलं आणि मग माइक आत्याच्या हातात दिला. "आजी, तुमी सांगा. कुणी लिवलं हे पद?"

"माज्या बापानं," आत्या म्हणाली. "म्या डोळ्यानं पायलं."

टाळ्या पडल्या. हरिओम मटकन खाली बसला. मी जिंकलो होतो. मी माइक घ्यायला हात पुढे केला, पण आत्याने तो सोडला नाही.

"पर शब्द त्याचे न्हाईत," ती म्हणाली. "माजी आई मार खाताना..."

मी तिचं मनगट धरलं. तिने दोन्ही हातांनी माइक छातीशी आवळला. सुरकुतलेला एवढासा हात, पण काय चिवट! मी पिरगाळला. हरिओमवर लावला होता तेवढाच जोर लावला, त्याहून कमी लावता येतो हे त्या क्षणी मला आठवलंच नाही. माझ्या बोटांखाली काहीतरी मोडलं.

"सोड रं महारुद्रा!" चारही स्पीकर ओरडले. "हात मोडला रं बाबा, सोड!"

आणि मैदान हसलं. पदाला हसलं होतं त्याच्या दुप्पट हसलं. लोकांना वाटलं, म्हातारी बापाचा फार्स करून दाखवायलीय आणि भाचा साथ द्यायलाय. राजेश्रीताईंनी पदर तोंडाला लावला. हरिओमसुद्धा नाकावरची पट्टी धरून हसत होता.

आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या काळी कंपनीच्या तंबूत बसून हसणारी माणसं वाईट नसतील, असं मला वाटलं. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मला कालच सांगितलं होतं, अंगणात बसवून, माझ्या सख्ख्या आत्याने. मी हात सोडला. तो मनगटापासून वाकडा लोंबत होता आणि ती तो दुसऱ्या हातात धरून खाली बसली.

"लेकीच्या गळ्यात बी बापच हाय हो!" कुणीतरी म्हणालं. मागच्या रांगेतून शिट्टी आली आणि मग सगळं मैदान एका सुरात ओरडायला लागलं, "वन्स मोअर! वन्स मोअर!"