खाली न उतरणारा

लिव्हरच्या टोकावरच्या रबरी गोळ्याला एक चीर पडली आहे, आणि त्याचा अंगठा आपोआप तिच्यात जाऊन बसतो. आताही बसलाय, पण लक्ष तिथं नाही, क्रेनच्या केबिनखाली साठ मीटरवर वाट बघणाऱ्या सळ्यांच्या गठ्ठ्याकडेही नाही. ते आहे डाव्या कुल्ल्याच्या वर, जिथं सकाळपासून कुणीतरी पाचर ठोकतंय... सावकाश, काही घाई नसल्यासारखी.

पोट साफ न झाल्याचा आज चौथा दिवस. पोट दगड. मुतायला वर बाटली असते. दुसऱ्या कामाची सोय कुठल्याच कंपनीने केलेली नाही. उतरायला दहा मिनिटं, चढायला वीस, तोवर अख्खी साइट हातावर हात ठेवून बसणार, साहेब तोंड वाकडं करणार. मग माणूस शिकतो. सकाळी खायचं नाही, पाणी घोटभर, आणि आली की दाबायची. दाबली की जाते. सात वर्षं दाबली — मग यायचीच बंद झाली. घरी अर्धा अर्धा तास कुंथत बसायचं, बाहेरून बायको, "अहो, आत संसार मांडलात की काय?"

आणि या मूर्खाला त्याचा अभिमान होता! पाळीत एकदाही खाली न उतरलेला ऑपरेटर. पोरं 'कुलूप' म्हणायची, नव्या माणसाला बोट करून दाखवायची, "किल्ली साहेबांच्या खिशात!" तोही हसायचा. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. ते स्वतः सकाळभरात तीनदा संडासला जाऊन यायचे.

काल दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पालथं निजवून बोट दाबलं तेव्हा तो ओरडलाच.

"पोट साफ होतं का?"

"बाई, दुखतंय कमरेत."

"म्हणूनच विचारतेय. वर्षानुवर्षं रोखलंत, कुंथलात. आतले स्नायू आखडलेत, ते या सांध्याला ओढतायत. पाय मध्येच सुटतो का?"

"छे."

खोटं. हो म्हटलं की कागदावर येतं, कागदावर आलं की वर चढू देत नाहीत... परवा शिडीवरच सुटला होता. हातांनी लोंबकळला म्हणून वाचला.

"दादा, उचला की!" वॉकीटॉकीवर सिग्नलवाला. "खालचे शिव्या घालतायत."

तो उचलतो. गठ्ठा जमीन सोडतो, वर येतो, क्रेनचा लांब हात फिरू लागतो. तो आवरायचा ब्रेक डाव्या पायाखाली — आणि पाचर एकदम खोल जाते. पायाला दाब म्हटलं तर पाय दाबत नाही. जोर मांडीपर्यंत येतो आणि तिथंच विरतो... दुसऱ्यांदा... आता दाबला. थोडा.

सांगावं. बटण दाबून एवढंच, की मला उतरायचंय. सात वर्षांत हे वाक्य तोंडातून गेलेलंच नाही. ते नेमकं कसं म्हणतात तेच आठवेना.

गठ्ठ्याच्या सावलीतून पिवळ्या टोप्या चालल्या आहेत. पाच, सहा. एक जण वाकून बुटाची नाडी बांधतोय, निवांत. कुणी मान वर करत नाही. वर तो आहे ना!

बघा रे, त्याला वाटतं, एकदा तरी वर बघा.