टेकाडावरचे गवत आणि मी

मित्रांनो, माझे निळे फूल तुम्ही देवाच्या ताटात पाहिले असेल. पण मी कुणाच्या अंगणातला नाही. बुऱ्हाणपूरच्या बाहेर, तापीच्या काठापासून थोड्या उंचावर एक मुरमाड टेकाड आहे. तिथल्या गवतात वाढलेला मी एक जुना गोकर्णीचा वेल आहे. माझा बुंधा आता लाकडासारखा कडक झाला आहे. वर चढायची हौस उरलेली नाही. शेजारच्या दगडांच्या राशीला टेकून असतो. बोलायलाही दम लागतो, म्हणून सावकाश सांगतो.

हे टेकाड कडूभाऊंचे. खाली सपाटीला त्यांची केळीची बाग आहे आणि वर हे गवत. त्यांच्या पत्नी मथुराबाई गाई पाळतात. गाईंचा सगळा चारा इथूनच जातो. टेकाड आहे तोवर गोठा आहे, हे मथुराबाईंना पक्के ठाऊक आहे.

माझा जन्म एका तडकलेल्या शेंगेतून झाला. उन्हात शेंग फुटली, बी उडाले आणि मारवेल गवताच्या बुडाशी पडले. मूळ थोडे खोल गेले तेव्हा मातीतले फार बारीक जीव माझ्या मुळात शिरले. त्यांना मी राहायला गाठी करून दिल्या आणि खायला साखर दिली. त्या बदल्यात ते हवेतला नत्र पकडून मला देऊ लागले. कधी माझ्यासारख्या शेंगेच्या झाडाचे मूळ हळूच उकरून पाहा. मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर समजा, ती कामावर आहे.

गवताला हे जमत नाही. हवेत नत्र भरपूर असतो, पण मारवेलच्या मुळांना तो धरता येत नाही. त्याला मातीत असेल तेवढ्यावरच भागवावे लागते. लोक म्हणतात, गोकर्ण शेजारच्या गवताला वाटा देते. ऐकायला बरे वाटते, पण खरे सांगू का? जिवंतपणी मी फारच थोडे देतो. विळा फिरला आणि माझा शेंडा गेला की खालची काही मुळे मरतात, गाठी गळतात, कुजतात. ते कुजलेले मग गवत खाते. पाने गळतात, तीही मातीत जातात. म्हणजे गवताला जे मिळते ते माझ्यातले काहीतरी गेल्यावरच मिळते. दर कापणीला हे असेच झाले. दमायला होते, मित्रांनो.

दुसरीही एक वाट होती. गाय मला खाते, तिचे शेण पडते, शेणातून माझा नत्र पुन्हा मातीत येतो. पण आमच्या गाई गोठ्यात बांधलेल्या. शेणाची गाडी भरली की ती उताराने सरळ केळीत जायची. टेकाडावरून चारा खाली गेला, पण वर परत काहीच आले नाही. वर्षानुवर्षे ती भरपाई आम्ही वेलच करत राहिलो.

आता या मुलखातली एक रीत सांगतो. इथे केळीवाल्याची पारख त्याच्या बागेच्या स्वच्छतेवरून होते. केळीच्या खांबांमधली जमीन अंगणासारखी साफ हवी. तण दिसले की गावात बोलणे होते. कडूभाऊंची बाग सगळ्यांत साफ, याचा त्यांना अभिमान होता. एकदा शेजारचे मोतीलालभाऊ टेकाडावर आले. गवतावर चढलेले आम्ही वेल पाहून ते हसले आणि म्हणाले, "काय कडूभाऊ, खाली बाग अन् वर जंगल? गवत लावलं का वेलाचा मांडव घातला?"

ते बोलणे कडूभाऊंना लागले. बागेचा नियम त्यांनी टेकाडाला लावला. रुंद पानांचे तण मारणारे औषध आणले आणि पंप पाठीला बांधून सगळे टेकाड फवारले. गवत वाचले. माझे भाऊबंद पिळवटून काळे पडले. दगडांच्या राशीवर पंप घेऊन चढायचा त्यांना कंटाळा आला, म्हणून मी राहिलो. पुष्कळदा वाटते, उगीच राहिलो.

गंमत अशी की पुढच्या पावसाळ्यात गवत पूर्वीपेक्षा जोमाने आले. कडूभाऊ मथुराबाईंना दाखवून म्हणाले, "पाह्य, सफाई केली तं कसं आलं."

त्यांना कसे कळावे? मेलेल्या वेलांची सगळी मुळे एकदम कुजली होती. गवत आमची शिल्लक खात होते.

ती शिल्लक संपली. त्यानंतरच्या पावसाळ्यात मारवेल पिवळे पडले, ठेंगणे राहिले. कडूभाऊंनी युरिया फेकला. गवत थोडे दिवस हिरवे झाले, मग जोराच्या सरी आल्या आणि उरलेला युरिया उताराने वाहून गेला. गाईंचे दूध आटत चालले. शेवटी कडूभाऊंनी घरात सांगून टाकले की टेकाड दमले आहे, यंत्र आणून ते फोडायचे, पाण्यासाठी ठिबकच्या नळ्या टाकायच्या आणि वरही केळीच लावायची. गाईंना मग गिऱ्हाईक पाहावे लागणार होते.

मथुराबाई भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गाई सोडून टेकाडावर आणल्या आणि स्वतः दगडावर बसून राहिल्या. गाई इकडे तिकडे हुंगून थेट माझ्याकडे आल्या. राशीभोवती मारवेल गुडघ्याच्या वर होते, गर्द हिरवे. मथुराबाईंनी गवत बाजूला सारून माझा बुंधा हाताने चाचपला. मग कडूभाऊंना बोलावून घेतले.

कडूभाऊ म्हणाले की दगडाखाली ओल राहते, म्हणून इथे गवत चांगले आहे. मथुराबाईंनी त्यांना टेकाडाच्या दुसऱ्या टोकाची रास दाखवली. ती लहान होती, तिच्यावर औषध पोचले होते. दगड तेच, पण गवत पिवळे. कडूभाऊंनी वाकून तिथले एक पिवळे पान चिमटीत धरून पाहिले.

"एक पावसाळा द्या मले," मथुराबाई म्हणाल्या. "वेल वाढू द्या. अन् शेणाची एक गाडी वर येऊ द्या."

"शेण केळीचं आहे."

"अन् चारा कुठचा खातात गाई?"

कडूभाऊ खाली गेले. पण यंत्र आले नाही.

मथुराबाईंनी माझ्या वाळक्या शेंगा ओटीत गोळा केल्या आणि बिया टेकाडभर टोचल्या. मातीत आमचे जुने बीही होते. त्याचे कवच कठीण, ते वर्षे वर्षे वाट पाहते. पावसाळ्यात कुठे कुठे कोवळी रोपे दिसली. गवत एकदम सुधारले नाही, मित्रांनो. थकलेली माती हळूहळूच उठते. पण एका सकाळी बैल धापा टाकत शेणाची गाडी ओढत चढ चढून आले. गाडी कडूभाऊच हाकत होते.

मोतीलालभाऊ बांधावर होतेच. ते म्हणाले, "कडूभाऊ, रान माजू लागलं बरं का पुन्हा."

कडूभाऊंनी फावडे उचलले, माझ्याकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, "माजू दे."

मी आता फार दिवस राहणार नाही. माझी मुळे कुजतील, मारवेल ती खाईल, आणि त्यात मला वाईट वाटण्यासारखे काही नाही. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. गवत कापाल तेव्हा दोन-चार वेलांच्या शेंगा पिकून तडकू द्या. आणि ज्या जमिनीवरून भारा उचलाल, तिथे कधीतरी एक पाटी शेण घेऊन परत या. भाऱ्यातून खाली गेलेल्या आम्हाला चढ चढून परत येता येत नाही.