बदकाची माफी

आमच्या टेबलावरचा नियम मी केला, असं रोमुलो माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगतो. वकील माणूस, दोष दुसऱ्याच्या नावावर टाकायची सवय. नियम आम्ही चौघांनी मिळून केला होता, आणि चौघंही तेव्हा बऱ्यापैकी प्यायलेले होतो. प्रत्येकानं आपली बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची. आधी इतरांना ओतायची, स्वतः सगळ्यांत शेवटी प्यायची. ज्याची वाइन टाकाऊ ठरेल त्यानं उभं राहायचं, छातीवर हात ठेवायचा आणि टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या भाजलेल्या बदकाची माफी मागायची. मोठ्यानं, शेजारच्या टेबलांना ऐकू जाईल अशी. "बदकराव, आपल्यासारख्या खानदानी पक्ष्याच्या पंगतीला मी हे गटाराचं पाणी आणलं, मला पदरात घ्या." मी ही माफी किती वेळा मागितली असेल याचा हिशेब नको. एकदा लिसार्दोनं माझ्या वाइनचा घोट घेऊन विचारलं होतं, "सोइला, तू दवाखान्यात पेशंटना चूळ भरायला देतेस तीच का गं ही?" मी दातांची डॉक्टर आहे. वेटरसुद्धा हसले मेले.

खोटी तारीफ मात्र चालायची नाही. बायको नटली तर तिची करा, साहेबाची करा, वाइनची नाही. बाहेर दिवसभर सगळे गोडच बोलतात, मग इथं तरी कशाला, असं आमचं म्हणणं. 

आमचा अड्डा म्हणजे चिफा, पेरूतलं चिनी हॉटेल, चौकडीतल्या चांगच्या मावसभावाचं, कापोन गल्लीत. लिमात माणूस एकवेळ नवरा बदलेल, पण आपलं ठरलेलं चिनी हॉटेल बदलणार नाही. चांगचे आजोबा चीनमधून आले, नातवाला स्वतःला चिनी भाषेत फक्त जेवण मागवता येतं. फरशांचं दुकान चालवतो, मनानं इतका मऊ की उधारी मागताना स्वतःच घामाघूम होतो. आणि लिसार्दो आमचं नाक. जन्मभर कय्याओ बंदरात कस्टममध्ये होता, परदेशी बाटल्यांची ओळख तिथलीच. "मी लाच कधी घेतली नाही," म्हणायचा, "फक्त वास घेतला."

जूनमध्ये त्याचे डोळे पिवळे झाले. जुलैच्या शेवटी त्याची बायको नेलिदा माझ्या दवाखान्यात आली. पेशंटच्या खुर्चीत बसली आणि तोंड न उघडता नुसती रडत राहिली. मग सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. लिसार्दोला मात्र पित्ताशयात खडे आहेत असं सांगितलं होतं, आणि डॉक्टरही त्यात सामील. मला राग आला. तो काय कुकुलं बाळ आहे, असं मी फाडकन म्हणाले. त्याचं मरण त्याच्यापासून लपवायचा तुला काय अधिकार, असंही म्हणाले. नेलिदानं सगळं ऐकून घेतलं.

"तो आशेवर उभा आहे, सोइला," ती म्हणाली. "ती काढून घेतलीस तर उद्या आडवा होईल. मला तो उभा हवाय. जितके दिवस मिळतील तितके."

 त्याला सांगणार नाही, असं मी कबूल केलं. जाताना तिनं आणखी सांगितलं की औषधांनी त्याच्या तोंडाची चव पार गेली आहे, सूपसुद्धा लोखंडासारखं लागतं म्हणतो. आणि डॉक्टर म्हणाले आहेत, त्याला आवडेल ते खाऊ द्या, आवडेल ते पिऊ द्या. मी दातांची का होईना, डॉक्टर आहे. त्या वाक्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको.

त्याच संध्याकाळी लिसार्दोचा फोन. आवाजात नुसता आनंद. वाइनवरची बंदी उठली म्हणे. "मी सुटलो, डॉक्टरीणबाई. गुरुवारी चिफा. ती फ्रेंच बरगंडी आणतोय, एवढी वर्षं जिन्याखाली ठेवलेली. बरं झाल्याशिवाय उघडायची नाही असं ठरवलं होतं." मी फोन ठेवला आणि पुढचे दोन पेशंट परत पाठवले.

रोमुलो आणि चांग, दोघांना मी सगळं सांगितलं. चांग फोनवरच मुसमुसायला लागला. रोमुलो म्हणाला, आपण अगदी नेहमीसारखं वागायचं, एवढंच आपल्या हातात आहे. नेहमीसारखं चिडवायचं, नेहमीसारखं भांडायचं. पटलं आम्हाला. इतकं सोपं वाटलं होतं ते.

गुरुवारी ऑगस्टचं, म्हणजे लिमातल्या ऐन हिवाळ्याचं, गारठलेलं धुकं होतं. लिसार्दो आला तेव्हा कोट त्याच्या अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. हनुवटीच्या खाली मान राहिलीच नव्हती, नुसत्या शिरा. त्यानं बाटली काखेत धरली होती आणि टॅक्सीवाल्याला शिव्या देत होता, खड्डे चुकवत नाही, बाटली हलते म्हणून. आम्ही हसलो, जरा जास्तच हसलो. तळलेले वांतान आले, आलं घातलेला मासा आला, चाउफा भात आला, मग बदक आलं. चांगची बाटली उघडली, माझी उघडली, रोमुलोची उघडली. आम्ही एकमेकांच्या वाइनला नावं ठेवली. लिसार्दो प्रत्येक ग्लासातून जिभेला लागेल एवढंच घेत होता. "आज तुम्हीच बोला," म्हणाला. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नेलिदा म्हणाली होती ते खरं होतं, त्याला चवीचं काही कळत नव्हतं.

मग त्यानं आपल्या बाटलीवरचा कागद सोडला. बूच काढताना चांगनं मदतीला हात पुढे केला तर त्यानं तो झटकला. आम्हाला तिघांना ओतली. स्वतःचा ग्लास रिकामा ठेवून आमच्या तोंडाकडे बघत बसला.

मी ग्लास नाकाशी नेला. ओल्या पुठ्ठ्याचा वास, कधीच न वाळलेल्या फरशी पुसायच्या फडक्याचा. बुचाला बुरशी लागली होती. कितीही भारी बाटलीचं होतं असं, आणि एकदा झालं की त्यावर उपाय नाही, ओतून द्यायची. एरवी तो वास पुरता नाकात शिरायच्या आत मी लिसार्दोला बदकासमोर उभं केलं असतं.

रोमुलोनं घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "अहाहा. रेशीम आहे रे."

चांग ग्लासातच बघत होता. जन्मात अशी प्यायलो नाही, असं काहीतरी पुटपुटला.

लिसार्दो माझ्याकडे वळला. त्या पिवळ्या डोळ्यांत नुसती उत्सुकता होती. "छान आहे," मी म्हणाले. "फारच छान, लिसार्दो." आणि ते घाण पाणी मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

तो खूश झाला. स्वतःचा ग्लास भरला. वर उचलला, नाक आत घातलं, आणि तसाच राहिला.  मग त्यानं न पिता ग्लास खाली ठेवला.

"औषधांनी चव गेली," तो म्हणाला. "नाक गेलं नाही."

रोमुलोनं आपला ग्लास हळूच बाजूला सरकवला. 

"रोमुलो वकील आहे, तो खोटं बोलणारच. चांग कुणाला दुखवू शकत नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "पण तूसुद्धा, सोइला? म्हणजे मी इतका गेलोय?"

चांग काहीतरी सावरायला लागला, खडे, डॉक्टर, नवीन औषध. लिसार्दोनं हात वर करून त्याला थांबवलं. नजर माझ्यावरच होती.

"खडे नाहीत ना?"

मी मान हलवली. नाहीत.

"नाताळपर्यंत?"

मी पुन्हा तशीच मान हलवली, नाही. त्यानं नाताळाच्या अलीकडचा कुठलाही सण विचारला नाही. आयुष्यभर कोर्टात बोलून जगलेला रोमुलो चॉपस्टिकनं नुसता भात उकरत राहिला. चांग उघड रडत होता. मला स्वतःचा असा संताप आला होता की टेबल उलथून टाकावं. एक शिवी दिली असती त्याच्या वाइनला, तर तो आज आनंदात घरी गेला असता. प्रेम करायला गेलो आणि त्याचा गळा कापला आम्ही.

लिसार्दोनं आम्हा तिघांच्या ताटात बदकाचे तुकडे वाढले. खा म्हणाला, गार होतंय. आम्ही खाल्लं नाही. मग तो म्हणाला, "नेलिदाला सांगू नका, मला कळलंय ते. मला काहीच माहीत नाही, एवढ्या एका समजुतीवर ती तगून आहे."

"म्हणजे तुम्ही दोघं घरात एकमेकांशी नाटक करणार?" मी भडकलेच. "शेवटपर्यंत? मग तू रडणार कुणाजवळ, मूर्खा?"

"कुणाजवळच नाही," तो म्हणाला. अगदी साधेपणानं.

नेलिदा टॅक्सी घेऊन आली. तिला बघताच तो खुर्चीतून जरा झटक्यानंच उठला, कोट नीट केला. बरगंडी कशी होती, तिनं विचारलं. अशी पुन्हा होणे नाही, त्यानं सांगितलं, विचार या तिघांना. आम्ही हो म्हणालो. तिनं त्याच्या गळ्याला मफलर गुंडाळला, त्याला गाडीत बसवलं आणि मग मला दाराआड ओढलं.

"त्याला काही कळलं तर नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं माझ्या गालाचा मुका घेतला. किती दिवसांनी हसताना पाहिलं गं त्याला, म्हणाली, तुमचे उपकार कसे फेडू. गाडी निघाली तेव्हा काचेतून दिसत होतं, तो तिला काहीतरी सांगत होता आणि ती मान डोलवत होती.

त्यानंतर तो चिफात आला नाही, पायऱ्या चढवेनात. मी रोज फोन करायची. नेलिदा कायम त्याच्या शेजारी असायची, तिचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. कसं वाटतंय, मी विचारायची. बरं वाटतंय, तो म्हणायचा. वा, मी म्हणायची. त्या गुरुवारपर्यंत एकमेकांशी कधी खोटं न बोललेले आम्ही दोघं, शेवटच्या फोनपर्यंत एवढंच बोललो.