पिवळा टी-शर्ट

पोरीला सगळे पक्कड म्हणत. एकदा धरलेलं सोडायचं नाही, मग तो गंजलेला नट असो की वाद, हा तिचा स्वभाव. पोलीस ठाण्यामागच्या शेडमध्ये हवालदारबाईंनी सायकल दुरुस्तीचं वर्कशॉप सुरू केलं होतं. बेवारस पडलेल्या सायकली आणि वाया जातील अशी लोकांना धास्ती वाटणारी पोरं, दोन्ही त्यांनी एकाच छपराखाली आणून बसवली. डुगडुगणाऱ्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करावं तर पक्कडनेच. वर्ष पुरं करणाऱ्याला बस डेपोत शिकाऊ मेकॅनिक म्हणून घेणार होते, आणि पक्कडचा सगळा जीव त्या डेपोत अडकला होता.

खरं सांगायचं तर या पोरीने आयुष्यात कुणाची टाचणीही उचलली नव्हती. भाऊ तुरुंगात गेला आणि धोक्यातल्या पोरांत हिचीही गणती झाली. काय ती अक्कल! एकाला ताप आला म्हणून घरातल्या सगळ्यांना गोळी.

वार्षिक समारंभ ठरला. मोठे साहेब येणार, फोटोवाले येणार. त्यासाठी पिवळेधमक टी-शर्ट आले. छातीवर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'मी गुन्ह्याला नाही म्हटलं.'

"मी हे घालणार नाही," पक्कड म्हणाली.

"का गं? मापात नाही?" हवालदारबाईंनी विचारलं.

"मापात आहे. पण खोटं आहे. मला गुन्हा कर म्हणून कुणी विचारलंच नाही, तर मी 'नाही' कुणाला म्हटलं?"

बाई हसल्या नाहीत. "टी-शर्ट नसेल तर स्टेजवर यायचं नाही, असा साहेबांचा हुकूम आहे. त्यांच्या डोक्यात गेलं तर नाव कापतील. मग डेपोही विसर. माझ्या हातात काही राहणार नाही."

घरी आईने टी-शर्टला कडक इस्त्री केली. मुलगा आत गेल्यापासून ती रस्त्याने मान खाली घालून चालायची. कुणी मुलांबद्दल काही विचारलं, की ऐकूच न आल्यासारखं करायची.

"घाल गं तासभर," ती म्हणाली. "अंगाला काय भोकं पडणार आहेत?"

"पडतील," पक्कड म्हणाली.

समारंभात सगळी पोरं पिवळी होऊन ओळीने उभी राहिली. शेवटी पक्कड चढली, ग्रीसने माखलेला वर्कशॉपचा एप्रन घालून. हवालदारबाईंनी तिला पायरीशीच अडवायला हवं होतं, पण त्या नेमक्या तेव्हाच वाकून बुटाची लेस बांधत होत्या.

"हा काय अवतार?" साहेब कडाडले. "टी-शर्ट कुठे आहे?"

माईक चालू असल्याचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. पक्कडच्या होतं.

"घरी आहे, साहेब. चोरी माझ्या भावाने केली आणि तो शिक्षा भोगतोय. मी इथे चाकं सरळ करायला शिकले. छातीवर लिहायचंच असेल तर तेवढं लिहा. नाहीतर एक टी-शर्ट तुम्हीही घाला. तुम्ही चोरी केलेली नाही, मीही नाही. मग फक्त मीच का सांगत फिरू?"

साहेब लालबुंद झाले. "कुणाची आहे ही पोरगी?"

मागच्या रांगेत एक खुर्ची करकरली आणि आई उभी राहिली.

"माझी," ती म्हणाली. आज तिची मान वर होती. "आत आहे तो मुलगाही माझाच. पण दोघांना एका दोरीने बांधू नका, साहेब."

समारंभ कसाबसा उरकला. मग शेडमध्ये साहेबांनी हवालदारबाईंना फैलावर घेतलं. "हिचं नाव कापा. आजच्या आज!"

पक्कड दाराशीच उभी होती. डेपो हातचा गेला, हे तिला कळलं. बोलल्याचा पश्चात्ताप मात्र रतीभरही झाला नाही.

बाईंनी टोपी काढून बाकावर ठेवली. "कापते, साहेब. पण आपला नियम असा आहे, की जी पोरं ऐकत नाहीत, मोठ्यांना उलट बोलतात, हाताबाहेर जातील असं वाटतं, ती इथे घ्यायची. ही तर भर समारंभात खुद्द तुम्हाला उलट बोलली. हिच्याइतकी पात्र पोरगी मला दुसरी मिळायची नाही. काढायचं कारण काय देऊ?"

साहेब तरातरा निघून गेले. बाहेर गाडीचं दार धाडकन आपटलं.

"दात काय काढतेस?" बाई पक्कडवर खेकसल्या. "ते चाक तसंच पडलंय. मी बघू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्कड उठली तर आई जमिनीवर फतकल मारून बसली होती. हातात कात्री, मांडीवर इस्त्री केलेला पिवळा टी-शर्ट. ती त्याचे चौकोनी तुकडे कापत होती.

"कापड चांगलं आहे," ती म्हणाली. "चेन पुसायला ने. आणि कुणी दिलं म्हणून विचारलं, तर माझं नाव सांग."